एक्केचाळीस नंबरची काडी

यवतमाळ जिल्ह्यात माझ्या कर्तबगारीची म्हणावी अशी एकच जिवंत खूण आहे. ते अंजिराचं एक झाड आहे, आणि ते माझ्या अंगणात नाही. बाकीची रोपं मी हौसेनं वाटली होती. त्यातली काही उन्हानं गेली, काही वाळवीनं खाल्ली, आणि ज्यांना दिली ते लोक अजूनही रस्त्यात भेटले की विषय बदलतात. माझ्या परसात त्या काळातलं उरलंय ते बारीक जाळीचं एक लोखंडी घर. त्यात आता बायको पापड-कुरड्या वाळवते. आत माशी शिरत नाही, कावळा शिरत नाही, म्हणून तिला ते फार आवडतं. माझ्या विद्वत्तेचा संसाराला झालेला हा एकमेव उपयोग, असं ती पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात, मग मीही हसतो.

ती कापसाच्या पडत्या काळाची वर्षं होती. मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. आमच्या घरात शेती कुणीच केलेली नाही. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मी कॉलेजात. मातीशी संबंध आला तो कुंडीपुरता. पण त्या वर्षांत जिल्ह्यातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला शेतकऱ्याला सल्ला द्यायची खाज सुटली होती. कुणी म्हणे सफेद मुसळी लावा, कुणी म्हणे कोरफड, कुणी म्हणे जट्रोफा. आर्णीकडे जा की वणीकडे, बसच्या खिडकीबाहेर मैलोगणती पऱ्हाटी दिसायची. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापसाचं झाड. आम्ही शहाणे लोक ती पाहून मान फिरवायचो. माझं तर ते पंजासारखं पान नुसतं दिसलं तरी डोकं फिरायचं. जणू काही भाव त्या पानानंच पाडले होते.

मी अंजीर सुचवलं. आमच्या हवेला कोणता अंजीर मानवेल यावर मी इतकं वाचलं आणि त्याहून इतकं जास्त बोललो की स्टाफरूममध्ये मला पाहून लोक पेपर वर धरायचे. एका लग्नात मी नवरदेवाच्या काकांना पंगतीत बसल्या बसल्या लागवड समजावून सांगितली. त्या नादात जिलबीचं ताट आमच्यासमोरून निघून गेलं, आणि त्या काकांनी मला अजून माफ केलेलं नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "एकदाचे लावून दाखवा. निदान घरात तरी शांतता होईल."

गावठी कलमं आणावीत तर त्यात माझा मोठेपणा कुठे राहिला? मी थेट तुर्कस्तानातून काड्या मागवायचं ठरवलं. पेन्सिलीएवढ्या साठ काड्या. त्यासाठी परवाना काढावा लागतो हे कळलं, आणि परवान्याच्या मागे नियमांचं एक बाड आलं. त्यात एक शब्द होता, क्वारंटाइन. पुढे महामारीत तो शब्द लहान पोरांनाही पाठ झाला, पण तेव्हा आमच्या गल्लीत तो ऐकून लोकांना वाटलं की मला काहीतरी आजार झालाय. शेजारच्या एका वहिनींनी तर बायकोजवळ कडुलिंबाचा पाला पाठवला.

नियम साधे होते. परदेशी रोपासोबत परदेशी रोग येऊ शकतो, म्हणून त्याला आल्यावर नऊ महिने वेगळं ठेवायचं. बारीक जाळीचं घर बांधायचं, त्याला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत जाताना चपला औषधाच्या पाण्यात बुडवायच्या. जो कुणी आत येईल त्याची वहीत नोंद करायची. पेटी जाळीघराच्या आतच उघडायची, तिच्यातलं भरण जाळून टाकायचं. आतलं पान, काडी, माती, काही म्हणजे काही बाहेर जाता कामा नये. मधूनमधून विद्यापीठातून तपासनीस येणार, आणि शेवटी सगळं नीट असेल तर सुटका. नाही तर सगळी रोपं मालकाच्या डोळ्यांदेखत जाळायची.

नऊ महिने हा आकडा ऐकून बायकोनं विचारलं, "मग डोहाळजेवण कधी करायचं?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मला नियम तोंडपाठ झाले होते. नियम तोंडपाठ असले की ते आपण पाळतोच आहोत असं माणसाला वाटायला लागतं.

जाळीघर बांधलं आमच्या शेजारच्या मिस्त्रीनं. त्याचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही कमरेएवढी. रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. घरी म्हातारी आई, तिला आम्हीही अम्मीच म्हणायचो, आणि एक बकरी, जी भिंत मानत नव्हती. मिस्त्रीनं आठ दिवस खपून सांगाडा उभा केला, दोन्ही दारांना स्प्रिंगा लावल्या, जाळी अशी ताणून बसवली की वाजवली तर सूर निघावा. मजुरी विचारली तर त्यानं हात झटकले.

"मजुरी नोको सर. तुमचं ते क्वारंटाइन सुटलं का पहिलं झाड मले द्या. अम्मीले अंगणात अंजीर पाह्यजे."

अंजिराचं नाव त्यांच्या पवित्र ग्रंथात आहे. अम्मीनं ते लहानपणापासून ऐकलं होतं आणि झाड म्हणून कधी पाहिलं नव्हतं. मी मोठ्या रुबाबात शब्द दिला. पहिलं झाड तुमचं.

पेटी आली हिवाळ्यात. मी ती नागपूरहून एस.टी.नं मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, काय आहे, तर मी म्हणालो, जिल्ह्याचं भवितव्य. तो पुढच्या थांब्याला उठून दुसऱ्या सीटवर गेला.

घरी आलो तेव्हा बायको परसातल्या धुण्याच्या दगडावर कपडे आपटत होती. मिस्त्री भिंतीपलीकडून उडी मारून आला, मागून बकरी आली. जाळीघर तिथून वीस पावलांवर होतं. "आत नेऊन उघडा," बायको म्हणाली. पण बघणारे समोर उभे असताना आत जाऊन एकट्यानं उघडण्यात काय मजा? मी दगडावरच पेटी ठेवली आणि दोरी कापली. ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या काड्या, प्रत्येकीच्या बुडाशी पत्र्याची बारीक पट्टी, पट्टीवर नंबर. मी शेवाळाचे पुंजके उपसून दगडामागे टाकत गेलो, उद्या जाळू म्हणून. मिस्त्रीनं एक काडी दोन्ही हातांनी उचलली आणि डोळ्यांना लावली. मी ती लगेच काढून घेतली.

"हात लावायचा नाही. नियम आहे," मी म्हणालो.

मग काड्या आत नेऊन पिशव्यांत लावल्या आणि वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं: एकूण साठ.

त्यानंतर माझ्यात एक फौजदार शिरला. जाळीघराच्या दाराशी गुलाबी औषधाच्या पाण्याचं घमेलं आणि दोरीनं बांधलेली वही. वहीत पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, नाव, येण्याचं कारण, निघण्याची वेळ. ज्या मिस्त्रीनं ते घर बांधलं त्यालाही मी चपला बुडवल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय आत सोडलं नाही. तो बिचारा दर वेळी कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायचा. "दार कुरकुरते." "सरांनी बोलावलं." "बघावं वाटलं." एकदा बायको मला हाक मारायला आली तर तिच्याकडूनही लिहून घेतलं. तिनं लिहिलं, "भात गार होतो."

आमच्याकडे बायकांची एक पक्की समजूत आहे. झाडाची काडी मागून आणली तर धरत नाही, न विचारता खुडून आणली तर जोमानं धरते. माझ्या बायकोची सगळी बाग अशीच उभी राहिली आहे. मनी प्लांट तिनं एका डॉक्टरांच्या वेटिंगरूममधून आणला, मोगरा तिच्या मोठ्या जावेकडचा, आणि एक क्रोटन कुठला आहे हे ती आजवर मलाही सांगत नाही. अम्मीचंही मत तेच. भिंतीपलीकडून दोघींच्या या विषयावर गप्पा चालायच्या. अम्मी एकदा म्हणाली, "सर देतीन म्हणते, पण दिलेलं झाड कायले धरते बाप्पा?" त्यावर मिस्त्री हसला. "मंग चोरूनच न्या लागते सर, एक दिवस." आम्ही सगळेच हसलो. मीही हसलो, आणि ते वाक्य मनात कुठेतरी ठेवून दिलं. माणूस काय काय जपून ठेवतो.

उन्हाळा आला. काड्यांना पानं फुटली. पहिल्या तपासणीला विद्यापीठातल्या मॅडम आल्या. शांत, कमी बोलणाऱ्या, गळ्यात भिंग. पानं उलटीपालटी करून पाहिली, वही पाहिली. "साठ ना, सर?" "साठ," मी म्हणालो. त्यांनी कॉलेजातल्या माणसावर विश्वास ठेवला. नळाला चार-चार दिवस पाणी यायचं नाही. अंजिराला मी प्यायच्या पाण्याचा हंडा घालायचो आणि आम्ही दोघं अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचो. मे महिन्यात मला पेपर तपासायला पंधरा दिवस अमरावतीला जावं लागलं, तेव्हा जाळीघराची दुसरी चावी मी मिस्त्रीला दिली. तो रोज दुकान उघडण्याआधी येऊन पाणी घालायचा, वहीत सही करायचा. परत आलो तर रोपं माझ्या हाताखाली होती त्यापेक्षा तजेलदार दिसत होती. हे मला आवडलं नाही, हेही सांगून टाकतो.

त्याच दिवसांत एकदा बायको धुणं धुता धुता म्हणाली, "अहो, दगडामागे पऱ्हाटी उगवली पाहा."

मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मान वाकडी करून पाहिलं. वीतभर रोप, तेच ते पंजासारखं पान. मिस्त्री बकरीला सरकी घालायचा, सरकी म्हणजे कापसाचं बी. "बकरीच्या खुराकातली पडली असेल," मी म्हणालो.

"उपटून टाकू?"

"राहू दे. बकरीच खाईल."

बकरी खरंच खायची. रोज भिंतीवरून यायची, शेंडा कुरतडायची आणि जायची. त्यामुळे ते रोप गुडघ्याच्या वर कधी गेलं नाही. साबणाच्या पाण्यावर मात्र झकास जगलं. मी रोज तिथे हातपाय धुवायचो. पऱ्हाटी म्हणून रोज त्याच्याकडे पाठ करायचो.

दसरा झाला आणि मॅडमचं पत्र आलं. शेवटची तपासणी चार दिवसांनी. प्रत्येक रोप नंबरानिशी मोजून घेतलं जाईल. मी सकाळी आत जाऊन मोजायला बसलो. एकोणसाठ भरली. दुसऱ्या टोकाकडून मोजली, एकोणसाठ. बायकोला बोलावलं, तिची सही घेतली, तिच्याकडून मोजवली. एकोणसाठ. पट्ट्या पाहिल्या. एक्केचाळीस नंबर नव्हता.

रोप बाहेर गेलं म्हणजे नियम मोडला, नियम मोडला म्हणजे सगळी रोपं आगीत. नऊ महिन्यांची मेहनत आणि माझी जिल्हाभर फिरवलेली बढाई, दोन्ही एका काडीनं जळणार होत्या. त्या वेळी मला शंभर शक्यता सुचायला हव्या होत्या. सुचली एकच. दुसरी चावी कुणाकडे होती? आणि चोरूनच न्या लागते, असं कोण म्हणालं होतं?

सरळ विचारण्याइतका मी धीट नव्हतो. नट पिळायचा पाना मागायचं निमित्त करून मी मिस्त्रीच्या घरी गेलो. तो दुकानात होता. अम्मीनं चहा टाकला. ती आत वळली की मी अंगण धुंडाळू लागलो. पाण्याच्या ड्रमामागे वाकलो, पोतं उचललं, एका कुंडीतली मिरची हलवून पाहिली. कोंबड्यांच्या खुराड्यात मान घातली होती तेव्हा मागून आवाज आला.

"काय शोधून राह्यले सर?"

मिस्त्री उभा होता, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला.

"पाना," मी म्हणालो.

"पाना दुकानात रायते. कोंबड्याच्या खुराड्यात कायले राहीन?"

तेव्हा तरी गप्प बसायचं की नाही? मी सरळ होऊन म्हणालो, "एक झाड कमी आहे. आणि दुसरी चावी तुमच्याकडे होती."

त्यानं कपाळावरचा चष्मा काढला. मग आत गेला, खिळ्यावरची चावी काढून आणली आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली.

"तुम्ही पेपर तपासाले गेलते तवा पंधरा दिवस मीच होतो आतमंदी. न्याचंच असतं तर साठच्या साठ नेले असते." आवाज त्यानं खाली आणला. "अन् अम्मीसमोर काही बोलू नोका. तिले वाटते तुम्ही चहा प्याले आले."

मी चहा न पिता चावी घेऊन आलो. लाज वाटली, नाही असं नाही. पण तिच्यापेक्षा राग मोठा होता. एवढं तोंडावर सांगूनही हा माणूस कबूल कसा करत नाही, असा राग. बायकोला सांगितलं तर ती हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिली. "तुम्ही त्यांच्या घराची झडती घेतली?" एवढंच म्हणाली. पुढचे चार दिवस तिनं माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. मिस्त्री भिंतीकडे फिरकला नाही. बकरी मात्र येत होती.

तपासणीच्या दिवशी मॅडम सकाळीच आल्या. एकेक रोप पाहत, पट्टी वाचत त्या शेवटपर्यंत गेल्या. "एक्केचाळीस?"

"चोरीला गेलं," मी म्हणालो.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तसं लिहून द्या, सर. कुणावर संशय असेल तर तेही लिहा. रोप बाहेर कुठे आहे ते शोधावंच लागेल."

मी कोरा कागद घेतला. पहिल्या तीन ओळी सफाईनं लिहिल्या. निवेदन लिहिण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. चौथ्या ओळीत "माझा संशय" असं लिहून पुढे मिस्त्रीच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. मॅडम हात धुवायला म्हणून बायकोबरोबर धुण्याच्या दगडाकडे गेल्या होत्या, तेवढ्यात तिथून त्यांची हाक आली.

"सर, जरा इकडे या. हे काय आहे?"

मी पेन हातात घेऊनच गेलो. "ती ना? पऱ्हाटी आहे, मॅडम. सरकी पडली असेल."

त्या रोप निरखत राहिल्या. कुणी गप्प राहिलं की मला शिकवायची उबळ येते. मी वाकून एक पान देठापासून तोडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा, हस्ताकृती पान, पाच खंड. कपाशीची ठळक ओळख."

देठातून पांढरा चीक आला. एक थेंब अंगठ्यावर पडला आणि मनगटाकडे ओघळला.

कपाशीला चीक नसतो. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर यांना असतो. देठ तोडून पाहा, ओळख पटेल, हे वाक्य मी दर वर्षी जून महिन्यात फळ्याकडे पाठ करून म्हणत आलो होतो. पान हातात खरखरीत लागत होतं. ते नऊ महिने जाळीच्या आत मी रोज कुरवाळलेलं पान होतं. बायकोच्या हातातला तांब्या वाकडाच राहिला आणि पाणी कुणाच्याच हातावर न पडता जमिनीवर पडत राहिलं. मॅडमनी खाली बसून बुडाजवळचं वाळकं शेवाळ बाजूला केलं. पत्र्याची पट्टी चिखलात दिसली. बोटानं पुसली. एक्केचाळीस.

"पेटी कुठे उघडली होती?" त्यांनी विचारलं.

मी दगडाकडे बोट केलं.

"मी म्हटलं होतं आत नेऊन उघडा," बायको म्हणाली.

"आणि भरण?"

"उद्या जाळणार होतो."

"काड्या मोजल्या होत्या?"

"कागदावर साठ होत्या," मी म्हणालो. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हातातल्या निवेदनाचा मी बोळा केला आणि खिशात घातला.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी एक्केचाळीस नंबर मुळासकट उपटवला, शेवाळासकट घमेल्यात घालून माझ्याच हातानं जाळायला लावला, आणि दगडाभोवतालच्या मातीत औषध ओतायला सांगितलं. बाकीची एकोणसाठ दोन तास भिंगातून पाहिली. कीड नव्हती. मला वाटलं, सुटलो.

"रोपं जाळायला सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण सुटकाही देत नाही. तुमचे नऊ महिने आजपासून पुन्हा सुरू." मग कुरतडलेल्या शेंड्याकडे त्यांचं लक्ष गेलं होतं ते आठवून त्यांनी विचारलं, "त्या रोपाचा शेंडा खात कोण होतं?"

"शेजारची बकरी."

"मग त्यांचंही अंगण पाहावं लागेल."

म्हणजे ज्या अंगणाची मी चार दिवसांपूर्वी झडती घेतली होती, तिथे आता सरकारी तपासणी घेऊन जायचं होतं. "मॅडम, दहा मिनिटं थांबा. आधी मी एकटा जाऊन येतो," मी म्हणालो.

हातात द्यायला काहीच नव्हतं. झाड अजून नऊ महिने देता येणार नव्हतं. भिंतीवरून जायची हिंमत नव्हती, म्हणून रस्त्यानं वळसा घालून फाटकाशी गेलो. फाटकाजवळ एक घमेलं होतं आणि त्यात गुलाबी पाणी होतं. शेजारी सुतळीनं बांधलेली शाळेची वही. वहीत पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, नाव, येण्याचं कारण, निघण्याची वेळ. मिस्त्री ओट्यावर बसून कानस घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"चपला बुडवा सर. मंग सही करा. नियम हाये."

मी चपला बुडवल्या. तारीख लिहिली, नाव लिहिलं. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. "तपासणी" असं लिहिलं असतं तरी ते खोटं नव्हतं, आणि सोपं होतं. मी लिहिलं, "माफी."

तो उठून आला. वाचलं. पानावर माझ्या अंगठ्याचा चिकट डाग उमटला होता. "हे काय लागलं हाताले?"

"चीक आहे. अंजिराचा." मग मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. पेटी, शेवाळ, दगड, पऱ्हाटी. "एक्केचाळीस नंबर माझ्याच परसात होती. तुमची बकरी रोज खात होती."

मला वाटलं तो हसेल. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसला नाही.

"अम्मीनं त्या दिवशीचा तुमचा चहा झाकून ठेवलता," तो म्हणाला. "सर परत येतीन म्हणे."

"चुकलो मी," मी म्हणालो. "आणि पहिलं झाड देतो म्हणालो होतो, त्याला आता अजून नऊ महिने लागणार."

त्यानं वही माझ्या हातातून घेतली. "द्याचं नोको सर. अम्मी म्हणते दिलेलं धरत नाही." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "जाऊ द्या त्या मॅडमले आत. चहा ठेवाले सांगतो."

दुसऱ्यांदाचे नऊ महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. काढले. मी दर रविवारी रोपं मोजत होतो, मोठ्यानं. भर पावसाळ्यात मॅडम आल्या, एकोणसाठच्या एकोणसाठ नंबरानिशी पाहिली आणि सुटकेच्या कागदावर सही केली. मिस्त्री भिंतीपलीकडून बघत होता. रामराम झाला, त्यापलीकडे काही बोलणं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला म्हणालो, चल, आर्णीला तुझ्या बहिणीकडे जाऊन येऊ. तिला नवल वाटलं, कारण तिच्या बहिणीकडे मी स्वतःहून कधी जात नाही. निघताना जाळीघराच्या कुलपात मी चावी तशीच ठेवली. बायकोनं ते पाहिलं आणि पदर खोचला. आर्णीत मी दिवसभर मेहुण्याचं तूर आणि सोयाबीन यांवरचं व्याख्यान ऐकलं आणि एकदाही अंजिराचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी परतलो. कुलूप लागलेलं होतं, चावी दाराच्या चौकटीवर. घमेल्यातलं पाणी कुणीतरी डहुळलेलं होतं. मी वही उघडली. त्या दिवसाच्या तारखेला मिस्त्रीची सही होती, निघण्याची वेळ बरोबर भरली होती, आणि येण्याचं कारण या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "चोरी."

आत जाऊन मी दिवा लावला. बायकोनं बाहेरून विचारलं, किती आहेत. मी म्हणालो, मोजली नाहीत.